शार्लोट तलावाची वाट

व्यापारी कुटुंबात सुटी दिनदर्शिकेवर असते; घरात ती क्वचितच येते. साप्ताहिक सुटीच्या दिवशी वसुलीची कामे निघतात, सणाच्या दिवसांत गिऱ्हाईक वाढते आणि शाळांना सुट्या लागल्या की दुकानात हंगाम सुरू होतो. अशा घरांना वर्षातून एक लहानशी सवड मात्र बाजारपेठेची परंपराच मिळवून देते. लक्ष्मीपूजन, पाडवा आणि भाऊबीज आटोपल्यावर लाभपंचमीच्या मुहूर्तापर्यंत अनेक पेढ्यांची दारे बंद असतात. कल्याणच्या एका भुसार व्यापाऱ्याच्या कुटुंबाने गेल्या दिवाळीत त्या सवडीतला एक दिवस डोंगरावरच्या तळ्याला दिला. दोन महिने घरात अडून राहिलेले एक बोलणे त्या दिवशी मोकळे झाले.

कुटुंब तसे आटोपशीर. चौऱ्याहत्तर वर्षांचे आप्पा, त्यांच्या पत्नी आक्का, एकुलता मुलगा, सून, सहावीत शिकणारी नात आणि सहा वर्षांचा नातू. मूळ गाव सांगलीकडचे. पण कल्याणच्या पेठेत दुकान थाटून आता पन्नास वर्षे होत आली. गुडघ्यांनी साथ सोडायला सुरुवात केली, तेव्हा तीन वर्षांपूर्वी आप्पांनी गादी मुलाच्या स्वाधीन केली. मुलगा कर्तबगार. व्यवहार त्याने वाढवला, हिशेब संगणकावर आणला, नवी गिऱ्हाइके जोडली. मात्र त्या वेगात वडिलांना काही विचारण्याची सवय हळूहळू मोडली. त्यात वाईट हेतू नव्हता. वेळ नव्हता, इतकेच.

भाद्रपदात एके दिवशी बँकेच्या वतीने मूल्यांकन करणारा गृहस्थ दुकानाची मोजमापे घेऊन गेला. आप्पांना ही गोष्ट शेजारच्या दुकानदाराकडून कळली. भिवंडीला गोदाम विकत घेण्यासाठी मुलगा कर्ज काढीत होता आणि त्यापोटी दुकान तारण ठेवणार होता. आप्पांनी घरी एक शब्द काढला नाही. मुलानेही सांगितले नाही. जेवणाच्या वेळी हवापाण्याच्या गप्पा होत; दुकानाचा विषय मात्र दोघेही टाळीत.

सहलीची कल्पना सुनेची. मुलांना डोंगरावर जायचे होते, आक्कांना गर्दीच्या ठिकाणी जायचे नव्हते आणि आप्पांच्या डॉक्टरांनी सांगितले होते, ‘चालणे बंद करू नका, बेताने चाला, दुखण्यापूर्वी बसा.’ या तिन्ही अटींत बसणारे ठिकाण तिने शोधले ते माथेरान. तेथेही नेहमीचे सूर्यास्ताचे देखावे तिने वगळले आणि एकच मुक्काम ठरवला : शार्लोट तलाव. बाजारपेठेपासून अंतर दोन-अडीच किलोमीटर, वाट रुंद आणि बहुतेक सावलीची, आणि वाटेत एकही मोटार नाही.

कल्याणहून पहाटेची कर्जत लोकल पकडून मंडळी नेरळला उतरली. तेथून सामायिक टॅक्सीने घाट चढून दस्तुरी नाका गाठला. मोटारींची सीमा इथेच संपते. प्रवेशकर भरायचा आणि पुढे पायी, घोड्यावर किंवा अलीकडे सुरू झालेल्या मोजक्या ई-रिक्षांतून जायचे; तेव्हा हातरिक्षाही होत्या. याशिवाय जवळच्या अमन लॉज स्थानकापासून माथेरान स्थानकापर्यंत छोट्या गाडीच्या फेऱ्या असतात. सुनेने हीच गाडी निवडली. दस्तुरीपासून बाजारापर्यंतची अडीच किलोमीटरची चाल वाचली, म्हणजे आप्पांचे बळ तळ्याच्या वाटेसाठी शिल्लक राहिले. सुटीच्या दिवसांत तिकिटाला रांग लागते. पण सकाळी लवकर पोहोचल्यामुळे फार थांबावे लागले नाही.

नातवाला ती गाडी खेळण्यातली वाटली. दोन फुटांच्या रुळांवरून डुलत जाणारे डबे, हात बाहेर काढला तर पाने हाताला लागतील इतकी जवळची झाडी. आप्पांनी त्याला गाडीची गोष्ट सांगितली. हे पठार १८५० साली ठाण्याचे तत्कालीन कलेक्टर ह्यू मॅलेट यांच्या नजरेस पडले आणि त्यानंतर मुंबईकर इथे थंड हवेसाठी येऊ लागले. नेरळहून वर येणारा लोहमार्ग मात्र सरकारने नव्हे, तर सर आदमजी पीरभॉय या मुंबईच्या व्यापाऱ्याच्या घराण्याने बांधला. त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी काम अंगावर घेतले, १९०४ मध्ये सुरुवात झाली आणि १९०७ मध्ये गाडी धावू लागली.

‘‘म्हणजे वडिलांनी पैसे दिले आणि मुलाने काम केले?’’ नातीने विचारले.

‘‘तसेच म्हण,’’ आप्पा म्हणाले. समोर बसलेल्या मुलाने खिडकीबाहेर पाहिले.

माथेरान स्थानकाबाहेर बाजार नुकता जागा होत होता. चिक्कीच्या दुकानांची फळ्या-दारे उघडत होती. हातरिक्षावाले गिऱ्हाईक शोधत उभे होते. आप्पांची चाल पाहून त्यांतला एक चाळिशीचा माणूस पुढे आला.

‘‘बसा काका, तळ्यावर नेतो. जाताना उतार आहे, पण येताना चढ लागेल तुम्हाला.’’

मुलाने लगेच भाडे विचारले. आप्पा मात्र जागचे हलले नाहीत. ‘‘माझे ओझे दुसऱ्या माणसाने ओढायचे, हे माझ्या मनाला पटत नाही,’’ ते म्हणाले.

तो माणूस रागावला नाही. ‘‘पटत नाही म्हणून तुम्ही बसला नाहीत, तर आमच्या घरची चूल कशी पेटायची, काका?’’ त्याने शांतपणे विचारले.

आप्पांना उत्तर सुचले नाही. हा प्रश्न केवळ त्या दोघांपुरता नव्हता. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माणसाने माणसाला ओढण्याची ही प्रथा मानवी प्रतिष्ठेला बाधक ठरवून ती सहा महिन्यांत थांबवण्यास सांगितले होते आणि या श्रमिकांना ई-रिक्षा मिळतील अशी योजना शासनाने करावी, असेही निर्देश दिले होते. तो माणूस त्या ई-रिक्षेचीच वाट पाहत होता. मधल्या काळात घर चालवायचे होते. दयेच्या भावनेने पाठ फिरवली, तर त्याच्या वाट्याला काहीच येत नव्हते.

तोडगा सुनेने काढला. ‘‘दादा, आमच्याजवळ दोन जड पिशव्या आहेत, पाण्याची कळशी आहे. ती तेवढी घेऊन आमच्याबरोबर चालाल का? दुपारपर्यंत थांबावे लागेल. भाडे रिक्षाचेच देऊ.’’ आक्कांनी घरून गाळून आणलेल्या पाण्याची कळशी खरोखरच जड होती. माणसाने क्षणभर विचार केला, रिक्षा सोबत्याच्या हवाली केली आणि पिशव्या खांद्यावर घेतल्या. पुढे दिवसभर तोच त्यांचा वाटाड्या झाला.

बाजार मागे पडताच तांबड्या मातीची वाट सुरू झाली. जांभूळ, अंजन, हिरडा अशा झाडांची दाट सावली वर आणि पायांखाली ओलसर पालापाचोळा. मुले पुढे पळत आणि पुन्हा मागे येत. मुलगा सवयीने भरभर पुढे गेला. शंभर पावलांवर थांबला, घड्याळ पाहिले, पुन्हा पुढे गेला, पुन्हा थांबला. तिसऱ्यांदा असे झाले तेव्हा वाटाड्या म्हणाला, ‘‘शेठ, पुढे जाऊन थांबण्यापेक्षा काकांना पुढे चालू द्या. सगळी मंडळी बरोबर पोहोचतील. आम्ही असेच करतो.’’

त्यानंतर क्रम बदलला. सर्वांत पुढे आप्पा, त्यांचे बोट धरून नातू, मागे बाकीचे. दर दहा मिनिटांनी आप्पा एखाद्या दगडावर बसत आणि सगळेच बसत. अशाच एका विसाव्यात वरच्या फांदीवर शेपूट लोंबकळत बसलेले शेकरू नातीला दिसले. तांबूस-तपकिरी अंगाची ती मोठी खार महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे, हे तिने पुस्तकात वाचले होते. प्रत्यक्षात प्रथमच पाहिले. भरभर चालणाऱ्याला ते दिसलेच नसते.

नातवाने मूठभर तांबडी माती उचलून विचारले, ‘‘ही लाल का?’’ वाटाड्याला नेमके कारण ठाऊक नव्हते; पण मातीचा गुण ठाऊक होता. ‘‘ही माती पाणी पिते, बाळा,’’ तो म्हणाला. गोष्ट खरी होती. डोंगराच्या माथ्यावर लोहयुक्त जांभ्या दगडाचे टोपण आहे. त्यातल्या लोहामुळे माती तांबडी. हा दगड सच्छिद्र. वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस तो शोषून घेतो. खाली घट्ट काळा पाषाण लागला की मुरलेले पाणी आडवे सरकते आणि उतारावर झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. वरची झाडी आणि पालापाचोळा पाण्याचा वेग रोखतात म्हणूनच त्याला मुरायला सवड मिळते. झाडी गेली, तर हीच माती पहिल्या पावसात दरीत वाहून जाईल. केंद्र शासनाने २००३ मध्ये माथेरान आणि भोवतालचा प्रदेश पर्यावरणीय संवेदनक्षेत्र म्हणून घोषित केला, त्यामागे असा विचार आहे.

बाजारातून निघाल्यापासून सव्वा तासाने झाडीतून पाणी चमकले. तळे फार मोठे नाही. तिन्ही बाजूंनी हिरवे उतार, एका बाजूला दगडी बांध, काठाजवळ माथेरानचे ग्रामदैवत पिसारनाथाचे मंदिर. पाण्यावर झाडांच्या सावल्या स्थिर पडलेल्या होत्या. शहरातून आलेल्या माणसाला प्रथम जाणवते ती शांतता. मोटारीचा आवाज नाही, भोंगा नाही. दूर कुठेतरी घोड्याच्या टापा, एवढेच.

नातू पाण्याकडे धावला. वाटाड्याने त्याला अडवले. ‘‘हे पिण्याचे पाणी आहे. यात उतरायचे नाही, हात-पाय धुवायचे नाहीत. शिवाय काठ निसरडा आहे आणि पाणी खोल.’’ माथेरानची तहान हा तलाव पिढ्यान्‌पिढ्या भागवीत आला आहे. आता वाढत्या वस्तीसाठी पायथ्याकडून उल्हास नदीचे पाणीही वर चढवले जाते; तरी तळ्याचे महत्त्व कमी झालेले नाही. आक्कांना हे फार आवडले. ‘‘ज्याचे पाणी प्यायचे, ते आपणच राखायचे,’’ एवढेच त्या म्हणाल्या आणि मुलांना काठापासून दूर, झाडाखाली बसवले.

दशम्या, शेंगांची चटणी आणि मुगाचे लाडू असा बेत होता. वाटाड्यालाही पंगतीत बसवले. माकडांना काही द्यायचे नाही, असे त्याने आधीच बजावले होते. कारण दिलेल्या एका घासाने ती पुढच्या माणसाच्या हातची पिशवी ओढायला शिकतात. जेवण झाल्यावर नातीने प्रत्येक कागद मोजून पिशवीत भरला.

बांधाकडे बोट दाखवून नातवाने विचारले, ‘‘आप्पा, तिथून पाणी पडते ना? मग आज का पडत नाही?’’

‘‘तो सांडवा. पावसाळ्यात तळे काठोकाठ भरते, आणि भरून उरेल तेवढेच तिथून वाहते. आता पाऊस संपला. आता जे आहे ते उन्हाळ्यापर्यंत पुरवायचे.’’

आप्पा नातवाशी बोलत होते. त्यात मुलासाठी काही दडलेले नव्हते. पण मुलगा जवळ येऊन बसला. सून मुलांना घेऊन मंदिराकडे गेली, आक्काही उठल्या.

बऱ्याच वेळाने मुलगा म्हणाला, ‘‘आप्पा, तुम्हाला भिवंडीचे कळले आहे.’’

‘‘कळले.’’

‘‘मग बोलला का नाहीत?’’

‘‘गादी तुला दिली आहे. दिलेली वस्तू रोज मागे वळून तपासू नये. पण तू सांगितले नाहीस, याचे वाईट वाटले.’’

मुलाने मान खाली घातली. ‘‘तुम्ही नको म्हणाल, अशी भीती होती.’’

आप्पांनी नको म्हटले नाही. त्यांनी प्रश्न विचारले. पन्नास वर्षांपूर्वी स्वतःला विचारीत तसे. बाजारात येणे किती? त्यातले तीन महिन्यांहून जुने किती? गोदाम सहा महिने अर्धे रिकामे राहिले, तर हप्ता कशातून जाईल? मुलाने आकडे सांगितले. जुनी उधारी एकूण येण्याच्या चौथा हिस्सा होती. तो आकडा स्वतःच्या तोंडून मोठ्याने ऐकल्यावर तो स्वतःच थांबला. संगणकाच्या पडद्यावर तो रोज दिसत होता; परंतु समोर बसून विचारणारे कुणी नव्हते.

‘‘गोदाम कर,’’ आप्पा म्हणाले. ‘‘माल वाढतो आहे, गरज खरी आहे. पण पहिले वर्ष भाड्याने घे. तेवढ्यात जुनी उधारी वसूल कर. नंतर विकत घ्यावेसे वाटले, तर निम्मी रक्कम आपली घाल आणि गोदामच तारण ठेव. दुकान मात्र कर्जात गुंतवू नकोस. त्याच्या आधाराने सहा माणसे जेवतात.’’

‘‘भाव वाढले तर?’’

‘‘तर थोडे महाग पडेल. झोप तरी लागेल.’’

मुलगा हसला. वडील-मुलाच्या नात्यात कुणी जिंकल्याचा तो क्षण नव्हता. मुलाचा बेत टिकला होता, वडिलांची काळजीही ऐकली गेली होती. हे बोलणे घरातही होऊ शकले असते. पण घरात एकाला दुकानाची घाई असे आणि दुसऱ्याला आपण अडगळ ठरू अशी धास्ती. इथे दोघांनाही जायला दुसरी जागा नव्हती आणि वाटेने दोघांना एकाच चालीची सवय लावली होती.

परतीला चढ लागला. आप्पा चार ठिकाणी बसले. शेवटच्या टप्प्यात मुलाने त्यांचा हात धरला, तो त्यांनी सोडवून घेतला नाही. बाजारात पोहोचल्यावर वाटाड्याला ठरलेले भाडे दिले. आप्पा त्याला म्हणाले, ‘‘सकाळी तुम्ही विचारलेत त्याचे उत्तर मला आले नाही. सुनेला आले.’’ तो हसून म्हणाला, ‘‘पुढच्या वेळी ई-रिक्षा असेल माझ्याकडे, काका. मग तुम्हाला बसावेच लागेल.’’ तीन वाजण्यापूर्वी मंडळी दस्तुरी नाक्यावर होती. सूर्यास्तापूर्वीचे भोजन कल्याणच्या घरीच झाले.

लहान मुले आणि वडीलधारी मंडळी असलेल्या कोणत्याही घराला ही सहल सहज जमण्यासारखी आहे. दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. पावसाळ्यात तळ्याचे रूप देखणे असते, पण वाटा निसरड्या आणि दाट धुके, त्यामुळे ज्येष्ठांनी ते दिवस टाळावेत. पायांत पकड असलेले बूट, डोक्याला टोपी, घरचे पाणी आणि घरचेच जेवण एवढी तयारी पुरते. तळ्यापासून इको पॉइंट आणि लुइझा पॉइंट जवळ आहेत. तेथे जायचेच असेल तर कड्याच्या काठाशी मुलांचे हात सोडू नयेत. सकाळी दहाच्या आत तळ्यावर पोहोचावे, दुपारी बाराच्या सुमारास निघावे. आणि कुटुंबातील सर्वांत सावकाश चालणाऱ्या व्यक्तीला पुढे ठेवावे.

लाभपंचमीला मुहूर्तावर दुकान उघडायचे होते. एरवी मुलगा दुचाकीवरून पुढे जाई आणि आप्पा नंतर रिक्षाने येत. त्या सकाळी दोघे घरापासून पेढीपर्यंत पायी गेले. वाट दहा मिनिटांची. त्यांना पंचवीस मिनिटे लागली. नव्या वहीचे पूजन झाल्यावर मुलाने जुन्या उधारीची यादी आप्पांपुढे ठेवली आणि त्यांच्यासाठी गादीवर जागा केली.